‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून टेन्शन जात नाही

घरात सासरे पक्षाघाताने अंथरुणाला खिळतात, किंवा आजीची आठवण पुसट होत जाते आणि ती रात्री-अपरात्री उठून दाराची कडी काढू लागते, तेव्हा त्या घरात एक नव्हे, दोन माणसे आजारी पडायला सुरुवात होते. पहिल्या माणसाची विचारपूस करायला सगळे येतात. मोसंबी येतात, शहाळी येतात, डॉक्टरांच्या कागदांची पिशवी जाड होत जाते. दुसरे माणूस त्या वेळी पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत गेलेले असते. बहुतेक घरांत ती सून असते, बायको असते किंवा लग्न न झालेली मुलगी असते. पाहुणे निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवतात. एका घरात म्हणतात, ‘सबर करो बेटी, अल्लाह देख रहा है.’ भिंतीला भिंत लागून असलेल्या दुसऱ्या घरात म्हणतात, ‘देव बघतोय गं, सोस थोडं.’ आणि चपला घालता घालता दोन्हीकडचे शेवटचे वाक्य अगदी एकच असते : ‘टेन्शन घेऊ नकोस.’

टेन्शन हा शब्द मराठीत आणि आपल्याकडच्या दख्खनी बोलीत इतका मुरला आहे की तो परका वाटत नाही. पण त्याच्यापुढे येणारे क्रियापद बघा. टेन्शन ‘येत’ नाही, ते ‘घेतले’ जाते. बाजारातून भाजी घ्यावी तसे. म्हणजे घेणारीचा दोष. तिने ठरवले तर ती ते खाली ठेवू शकते, असा त्या क्रियापदाचा हिशेब आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या वैद्यकीय संशोधनाने हा हिशेब चुकीचा ठरवला आहे. वर्षानुवर्षे चाललेला ताण मनापुरता राहत नाही. तो रक्तात मोजता येतो, जखमेवर दिसतो आणि मेंदूतल्या पेशींचे वागणे बदलतो. त्याला वैद्यकात दाह म्हणतात.

दाह म्हणजे काय, हे बोटात काटा मोडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. ही शरीराची संरक्षण-फौज कामाला लागल्याची खूण. काम झाले की फौज माघारी जाते. अडचण तेव्हा होते, जेव्हा काटा नाही, जंतू नाही, तरी फौज रस्त्यावरच राहते. असा मंद दाह डोळ्यांना दिसत नाही, तापही येत नाही. तो चुलीतल्या राखेखाली राहिलेल्या निखाऱ्यासारखा असतो.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे पती, प्रतिकारशक्तीचे अभ्यासक रोनाल्ड ग्लेझर यांनी याचा शोध घेताना नेमक्या त्या ‘दुसऱ्या माणसा’कडे पाहिले. त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या. तुलनेसाठी त्याच वयाच्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या घरातल्या, पण असा भार नसलेल्या आणखी १३ स्त्रिया घेतल्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे मसुराच्या दाण्यापेक्षाही लहान, सारखीच जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजत बसले. भार नसलेल्या स्त्रियांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांची भरायला जवळजवळ ४९ दिवस लागले. हा अभ्यास १९९५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. औषध तेच, हवा तीच, वय तेच. फरक होता तो घरी गेल्यावर काय वाट पाहत आहे याचा.

याच जोडप्याने सहकाऱ्यांसह पुढे आणखी मोठा अभ्यास केला. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची काळजी घेणारे ११९ स्त्री-पुरुष आणि असा भार नसलेले १०६ जण, यांच्या रक्ताची सहा वर्षे तपासणी केली. दाहाचा निरोप शरीरभर पोहोचवणारी काही रसायने रक्तात असतात. त्यातल्या इंटरल्युकिन-६ नावाच्या रसायनावर लक्ष ठेवले. वय वाढते तसे ते सगळ्यांच्याच रक्तात थोडे थोडे वाढते. पण शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये ते वाढण्याचा वेग चौपट होता. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातली जास्त हलवून सोडणारी गोष्ट मात्र पुढेच आहे. जोडीदाराचे निधन झाले, शुश्रूषा संपली, तरी पुढची कित्येक वर्षे हा वेग उतरला नाही. ‘सुटली बिचारी’ असे आपल्याकडे मयतीला आलेल्या बायका हळू आवाजात म्हणतात. शरीर इतक्या लवकर सुटत नाही.

असे का होते, हे समजून घ्यायला कॉर्टिसॉलची गोष्ट सांगावी लागते. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी ताणाच्या वेळी हे संप्रेरक रक्तात सोडतात. कुत्रा मागे लागला, की पळायला बळ मिळते ते यामुळे. आणि कॉर्टिसॉलचे दुसरे काम म्हणजे दाह शमवणे. दम्याला किंवा संधिवाताला डॉक्टर जी स्टिरॉइडची गोळी देतात, ती याच कॉर्टिसॉलची बहीण. मग प्रश्न पडतो की ताणात कॉर्टिसॉल वाढत असेल तर दाह कमी व्हायला हवा, उलट वाढतो कसा?

उत्तर घराघरात आहे. जो माणूस उठता-बसता ओरडतो, त्याच्या ओरडण्याकडे घरात पुढे कोणी लक्ष देत नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशींचेही तसेच होते. कॉर्टिसॉलचा आदेश रोजचाच झाला की त्या बहिऱ्या होतात. २००२ मध्ये ग्रेगरी मिलर, शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी ५० पालकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांच्या मुलांवर कर्करोगाचे उपचार चालू होते, निम्म्यांची मुले ठणठणीत होती. सगळ्यांच्या रक्ताच्या नमुन्यात कॉर्टिसॉलसारखे काम करणारे औषध मिसळले. निरोगी मुलांच्या आई-वडिलांच्या रक्तपेशींनी त्याचे ऐकले आणि दाहाची रसायने बनवणे आवरते घेतले. कर्करुग्ण मुलांच्या पालकांच्या पेशींनी तितकेसे ऐकले नाही. लक्षात घ्या, या आई-बापांना स्वतःला कसलाही रोग नव्हता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहणे, एवढेच त्यांना झाले होते.

आता मेंदूकडे. मेंदूच्या पेशी म्हटले की विचार करणाऱ्या, आठवणी जपणाऱ्या चेतापेशी डोळ्यांपुढे येतात. पण त्यांच्यात आणखी एक वस्ती आहे. पिओ देल रिओ-ऑर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये तिला स्वतंत्रपणे ओळखले आणि मायक्रोग्लिया हे नाव दिले. या पेशी मेंदूच्या पहारेकरीही आहेत आणि झाडूवाल्याही. आपल्या बारीक फांद्या सतत हलवत त्या परिसर चाचपत असतात, कचरा उचलतात, नको झालेल्या जोडण्या छाटतात. शांत दिवसांत त्यांच्यासारखे उपयोगी कोणी नाही. पण धोक्याचा इशारा मिळाला की त्या फांद्या आखडतात, अंगाने जाड होतात आणि दाहाची रसायने सोडू लागतात.

ओहायो स्टेटमध्येच जॉन शेरिडन, जोनाथन गॉडबाउट आणि त्यांच्या चमूने उंदरांवर केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. एका पिंजऱ्यात आपापले नीट राहणारे उंदीर. त्यांच्यात रोज दोन तास एक दांडगा, भांडखोर उंदीर सोडायचा. सलग सहा दिवस. तो सगळ्यांना नमवतो आणि दोन तासांनी त्याला बाहेर काढले जाते. सहा दिवसांनी या उंदरांच्या मेंदूत भीती आणि चिंतेशी जोडलेल्या भागांतल्या मायक्रोग्लिया भडकलेल्या दिसल्या. एवढेच नाही, तर हाडांच्या मगजातून निघालेल्या दाहक पेशी रक्तावाटे थेट मेंदूपर्यंत पोहोचल्या होत्या. उंदीर कोपऱ्यात दबून राहू लागले, उजेडाला भिऊ लागले. नंतर त्यांना सुखात राहू दिले. तीनेक आठवड्यांनी, सगळे निवळले असे वाटत असताना, तो दांडगा उंदीर पुन्हा थोडाच वेळ आत सोडला. ज्यांनी पूर्वी कधी मार खाल्ला नव्हता त्यांच्यावर एवढ्याने फारसा परिणाम झाला नाही. ज्यांनी खाल्ला होता, त्यांचा दाह आणि भीती पुन्हा उसळली. या दुसऱ्या फेरीतल्या पेशींचा साठा प्लीहेत दडून बसलेला होता, हेही त्यांनी शोधले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरी ज्या घरात दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की मुले पुस्तक मिटून बसतात, त्या घरातल्या माणसांना हा प्रयोग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

शरीरातला दाह मेंदूला कळतो कसा, याचेही मार्ग आता बरेच माहीत झाले आहेत. पोटापासून मेंदूपर्यंत गेलेली व्हेगस नावाची लांब नस निरोप नेते. मेंदूभोवती रक्तातले नको ते पदार्थ अडवणारे एक कुंपण असते, ते काही ठिकाणी विरळ आहे, तिथूनही निरोप जातो. निरोप मिळाला की मेंदू काय करतो? फ्लू झाल्यावर जे करतो तेच. अंग मोडून येते, खावेसे वाटत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, आवडीची मालिका लागली तरी मन लागत नाही, पडून राहावेसे वाटते. आजारी प्राण्याने शक्ती वाचवावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. चार दिवसांच्या तापात ती उपकारक. चार वर्षे चालली तर तिचे नाव बदलते.

याचा पुरावा एका औषधातून अवचित मिळाला. इंटरफेरॉन हे दाह पेटवणारे इंजेक्शन त्या काळी त्वचेच्या एका घातक कर्करोगावर आणि काविळीच्या एका प्रकारावर देत असत. ते घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना काही आठवड्यांत गंभीर नैराश्य येई. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४० कर्करुग्णांपैकी निम्म्यांना इंजेक्शन सुरू होण्याआधीच नैराश्यावरची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. औषध नसलेल्या गटात ४५ टक्के जणांना गंभीर नैराश्य आले, औषध मिळालेल्या गटात ११ टक्के जणांना. एका इंजेक्शनाने माणसाची उमेद जाते. मग ती जाणे हा इमानाचा किंवा स्वभावाचा कमकुवतपणा कसा म्हणायचा?

आणि इथेच सगळ्यात मोठा अन्याय होतो. तीन वर्षे सासूचे डायपर बदलणारी सून हळूहळू विसरभोळी होते. दूध उतू जाते. ती पटकन चिडते, लग्नकार्याला जायचे टाळते, नमाजला किंवा पूजेला बसली तरी लक्ष लागत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावते. घर म्हणते, ‘हिचा स्वभाव बदलला.’ जाऊ म्हणते, ‘करायचं जिवावर आलंय.’ मग कोणी दम केलेले पाणी आणून देते, कोणी नजर उतरवते, कोणी ताईत बांधते. त्यामागे माया असते, ती नाकारण्याचे कारण नाही. पण चार माणसे जमवून तिला सलग आठ तास झोप कशी मिळेल याचा विचार त्या गर्दीत क्वचितच कोणी करते.

संशोधनाच्या नावाने अतिउत्साह मात्र नको. प्रत्येक नैराश्य दाहामुळे येते, असे कोणीही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. टोरांटोमध्ये २० नैराश्यग्रस्त आणि २० निरोगी माणसांच्या मेंदूचे विशेष स्कॅन करून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्यग्रस्तांच्या मेंदूत दाहाची खूण सुमारे ३० टक्के जास्त आढळली. पण ती खूण दाहाची अगदी निर्भेळ खूण आहे का, यावर अजून वाद आहे. अटलांटात संधिवातावरचे दाहशामक औषध ६० नैराश्यग्रस्तांवर वापरून पाहिले, तेव्हा सरसकट सगळ्यांना मिळून काहीच फायदा दिसला नाही. ज्यांच्या रक्तात दाह मुळातच जास्त होता, त्यांनाच तो झाल्यासारखा दिसला. तेव्हा ‘मेंदूची सूज उतरवणाऱ्या’ हळदीच्या महागड्या कॅप्सूल, काढे आणि ‘फुल बॉडी’ तपासण्यांची पाकिटे विकणाऱ्यांपासून खिसा सांभाळावा. हळद भाजीत आहेच. आणि डॉक्टरांनी सुरू केलेली नैराश्यावरची गोळी असले काही वाचून कोणी परस्पर बंद करू नये.

दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची आहे. शुश्रूषा हेच विष आहे, असा अर्थ यातून काढणे चूक ठरेल. पिट्सबर्गचे रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये वृद्ध जोडप्यांचा अभ्यास मांडला. जोडीदाराची काळजी घेताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचे प्रमाण ६३ टक्क्यांनी जास्त निघाले. पण काळजी घेत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात तशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे आईचे पाय चेपल्याने कोणी झिजत नाही. झिजतो तो एकट्याने, रात्र न् रात्र, कोणी बदली येणार नाही हे माहीत असताना चेपणारा.

इथे ‘सब्र’ या शब्दाकडे जरा थांबून पाहायला हवे. अरबीत त्याच्या मुळाशी आवरून धरणे, बांधून ठेवणे असा अर्थ आहे. तो उर्दूत आला, मराठीत ‘सबुरी’ होऊन स्थिरावला, आणि शिर्डीला जाणाऱ्या लाखो भाविकांच्या तोंडी श्रद्धेच्या जोडीला बसला. शब्दाने इतका प्रवास केला, इतक्या घरांनी त्याला आपले मानले. पण वाटेत कुठे तरी त्याची वाटणी झाली. रागावणाऱ्या सासऱ्याला कोणी सबुरी सांगत नाही. जेवण पाच मिनिटे उशिरा आले म्हणून ताट सरकवणाऱ्याला सांगत नाही. ज्याला स्वतःला आवरायचे, त्याच्यासाठी असलेला शब्द दुसऱ्याचे सोसणाऱ्याला दिला गेला. रमजानमध्ये मिंबरवरून सब्रची महती सांगितली जाते, ती सांगायलाच हवी. ऐकणाऱ्या रांगांत मात्र बहुतेक पुरुष असतात, आणि घरी येऊन तोच उपदेश ते स्वयंपाकघराच्या दिशेने पुढे ढकलतात. कीर्तनातले ‘सोशिकपणा हा स्त्रीचा दागिना’ हे ऐकलेल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

या महिन्याचेच उदाहरण घ्या. सहरीसाठी घरात सगळ्यात आधी कोण उठते? अडीच-तीनला गॅस पेटवणारी आणि सगळ्यांचे आटोपल्यावर घाईने दोन घास खाऊन भांडी घासणारी एकच असते. पुरुष फजरची नमाज करून परत झोपतात. तिला मुलांचे डबे असतात, कारण लहान मुलांना रोजा नाही. दुपारी इफ्तारीची तयारी, संध्याकाळी पाहुणे, रात्री तरावीहनंतरचा चहा. घरात अंथरुणावर कोणी असेल तर दर दोन तासांनी कूस बदलणे त्यातच. गौरी-गणपतीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांतही घरातली बाई अशीच सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर पडते. दोष रोजाचा नाही, सणाचा नाही. झोपेची वाटणी चुकलेली आहे. २५ निरोगी तरुण-तरुणींची झोप आठवडाभर आठवरून सहा तासांवर आणली, तर तेवढ्यानेही रक्तातले इंटरल्युकिन-६ वाढले, असे अमेरिकेतील एका प्रयोगात २००४ मध्ये दिसले होते. हे तरुण होते, त्यांच्या घरी कोणी आजारी नव्हते आणि आठवड्याने प्रयोग संपणार हे त्यांना माहीत होते.

देशाची आकडेवारीही हेच सांगते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७ मिनिटे. घरातल्यांची काळजी घेणाऱ्यांत स्त्रियांची १३४ मिनिटे, पुरुषांची ७६. आणि हे ओझे वाढणार आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्या ८८ लाखांपैकी बहुतेक जण घरीच आहेत, आणि त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांची मोजणी कोणी ठेवत नाही.

पुरुषांचा उल्लेख अन्याय होऊ नये म्हणून करायलाच हवा. पत्नीचा डायलिसिस आठवड्यातून दोनदा करून आणणारे, नोकरी सांभाळून वडिलांना आंघोळ घालणारे मुलगे गावोगाव आहेत. ते तर तक्रारीचा एक शब्दही काढत नाहीत, कारण पुरुषाने टेन्शन ‘घेतले’ असे म्हणणेही कमीपणाचे. त्यांचे रक्त तपासले तर वेगळे काही निघणार नाही.

या सगळ्यावर उपाय आहे का? ताण थांबला तर मेंदू बऱ्याच अंशी सावरू शकतो, हे रॉकफेलर विद्यापीठाचे ब्रूस मॅकीवन आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तीन आठवडे रोज ताणाखाली ठेवलेल्या तरुण उंदरांच्या मेंदूत, स्मरणाशी संबंधित भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखूड झाल्या. ताण काढून घेतल्यावर त्या पुन्हा वाढल्या. पण त्यासाठी ताण खरोखर निघायला हवा. श्वासाचे व्यायाम, ध्यान, जिक्र, प्राणायाम यांनी मनाला विसावा मिळतो, जरूर करावे. तरी रात्री तीन वेळा उठणाऱ्या बाईला प्राणायाम शिकवण्याआधी त्यातले एकदा दुसऱ्या कोणी उठावे, हे जास्त सरळ आहे.

हे केवळ भावनेने म्हटलेले नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेरी मिटलमन यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला सांभाळणाऱ्या ४०६ जणांसोबत अनेक वर्षे काम केले. अर्ध्यांना नेहमीची मदत मिळाली. उरलेल्यांना पहिल्या चार महिन्यांत सहा बैठका मिळाल्या, नंतर आधारगट आणि गरज पडेल तेव्हा फोनवर सल्ला. त्या सहा बैठकांची रचना बघण्यासारखी आहे. फक्त दोन बैठका शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीसोबत एकट्याने होत्या. चार बैठका घरच्या इतर माणसांना बोलावून होत्या. मुलगे, मुली, भाऊ, सुना. म्हणजे ‘तू शांत राहा’ हे तिला सांगण्यापेक्षा ‘तुम्ही काय करणार आहात’ हे इतरांना विचारण्यात दुप्पट वेळ घालवला. २००६ मध्ये निष्कर्ष आले. मदत मिळालेल्या घरांत रुग्णाला शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ सरासरी ५५७ दिवस पुढे गेली. सांभाळणारी सावरली, म्हणून म्हाताऱ्याचे घर टिकले.

केरळने याचा काही भाग सरकारी पातळीवर उचलला. तिथे गावपातळीवरचे स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात, २००८ पासून त्यासाठी राज्याचे धोरण आहे. घरी पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्यांना ‘आश्वासकिरणम’ योजनेतून दरमहा मदतही ठरवली गेली, ६०० रुपये. रक्कम फार तोकडी आहे. पण उशाशी बसलेल्या त्या दुसऱ्या माणसाला सरकारी कागदावर निदान एक रकाना मिळाला. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांना, आशाताईंच्या भेटींच्या वहीत ‘रुग्णाची काळजी कोण घेते, त्या व्यक्तीची झोप किती’ एवढे दोन प्रश्न घालायला किती खर्च येईल?

सरकारची वाट पाहण्याआधी गल्ली बरेच करू शकते, आणि त्यासाठी हा महिना बरा आहे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजात सवलत आहे, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर जागलेल्या बाईसाठी काय करता येईल, याची चर्चा इफ्तारच्या दस्तरखानावर व्हायला हरकत नाही. मशिदीच्या जमातीत रोज पाच वेळा भेटणाऱ्या तरुणांना कोणाच्या घरी कोण अंथरुणावर आहे हे माहीत असते. तसेच गणेश मंडळाच्या आणि भजनी मंडळाच्या मंडळींनाही. जनाजा उचलायला एका हाकेत चाळीस खांदे मिळतात. आठवड्यातून एक रात्र उशाशी बसायला त्यातले दोन पुरतील. सहरीचे ताट शेजारच्या घरातून आले, तर त्या दिवशी तिला तीनऐवजी साडेचारला उठून चालेल. दूर शहरात राहणाऱ्या, दर महिन्याला पैसे पाठवून ‘भाभी सब सँभाल लेती है’ असे कौतुकाने सांगणाऱ्या दिराने ईदला चार दिवस जास्त सुटी काढावी. त्या चार रात्री वडिलांच्या खोलीत त्याने गादी टाकावी, औषधांची वेळ कागदावर लिहून भिंतीला लावून घ्यावी, आणि भाभीला तिच्या माहेरी पाठवावे.